आडवी की आणि दुखरे मनगट

बेंगळुरूच्या कोरमंगला भागात आज हजारो बोटे दिवसभर संगणकाच्या कळांवर चालतात. मनगट दुखते अशी तक्रार केली, तर "बसायची पद्धत सुधारा, व्यायाम करा" असे उत्तर मिळते. हे उत्तर जुनेच आहे. तारायंत्रावर काम करणाऱ्यांनी ते शंभर वर्षांपूर्वी ऐकले होते. म्हणून तेथील आपल्या तरुण साथींनी आडवी मोर्स की शिकावी, असे आम्ही सुचवतो.

नेहमीची मोर्स की वरून खाली दाबायची असते. एका तारेत शेकडो ठोके, दिवसात अशा कितीतरी तारा, आणि भार सगळा एकाच दिशेने. त्यातून तारमास्तरांचा हात आखडे, बोटे ऐकेनाशी होत. यावर तोड म्हणून आडवी की आली. अमेरिकेत १८८८ साली अशी की बाजारात आणणारे बन्नेल हे स्वतः तारखात्यात काम केलेले गृहस्थ होते. ज्याचा हात दुखतो त्यालाच उपाय सुचतो, साहेबाला नाही.

या कीची दांडी डावी-उजवीकडे हलते आणि दोन्ही बाजूंना टेकली तरी आवाज एकच निघतो. पहिला ठोका अंगठ्याने, दुसरा बोटाने, तिसरा पुन्हा अंगठ्याने. थोडे टेकले की टिंब, तिप्पट वेळ टेकले की रेघ. इंग्रजी 'एस' म्हणजे तीन टिंबे: अंगठा, बोट, अंगठा. 'ओ' म्हणजे तीन रेघा, क्रम तोच. बाजू कोणती याला अर्थ नाही, लांबीला आहे. सरळ कीवर हात बसलेल्यांना हेच जड जाते. ते एकाच बाजूला दोनदा टेकतात आणि लय तुटते. नवशिक्याला उलट सोपे. घाई मात्र करू नये. दोन अक्षरांमध्ये तीन टिंबांची आणि दोन शब्दांमध्ये सात टिंबांची जागा सोडायची सवय आधी लावावी, वेग मागाहून येतो.

खर्चाचे म्हणाल तर करवतीचे जुने पाते, दोन बोल्ट, एक फळी, बझर आणि सेल एवढे पुरते. हवेत संदेश सोडायला सरकारी परवाना लागतो, टेबलावर बझर वाजवायला लागत नाही.

की बदलून हात थोडा वाचला, पण कामाचे तास तेवढेच राहिले. ब्रिटनमध्ये तारवाल्यांचे हात आखडणे १९०८ साली भरपाईच्या कायद्यातील रोगांच्या यादीत आले. तरीही १९११ च्या सरकारी समितीने थकव्याबरोबर कामगाराच्या दुबळ्या मज्जातंतूंनाही कारण ठरवले! त्याच १९०८ साली हिंदुस्थानातील तार कर्मचारी संपावर गेले होते, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. आपली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. दुखणे मात्र कळफलकावर येऊन बसले.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्यावसायिक रोगांच्या २०१० च्या यादीत मनगटातील नस दाबली जाण्याचा विकार नावानिशी आहे. वारंवार जोर लावून केलेले काम आणि मनगटाची अवघडलेली ठेवण ही कारणेही तेथे लिहिली आहेत. कामगाराच्या स्वभावाचा तेथे उल्लेख नाही.

कोरमंगल्यातील साथींनी शनिवारी तासभर जमावे, बझर वाजवावा आणि कोणाचे मनगट कधीपासून दुखते ते वहीत तारखेसह लिहावे. कीवर बसलेला हात कामाचा ठोका मोजायला शिकतो, आणि तो मोजल्याशिवाय मागणीपत्र लिहिता येत नाही. त्या मागणीपत्रात कामाच्या वेळेतच दर तासाला विश्रांती आणि उपचाराचा खर्च मालकाकडे, ही दोन कलमे सर्वांत वर असावीत.