बसचं घर होताना

‘भंगार घेऊन बसल्यात या बाया!’ आमच्या महिला मंडळानं घेतलेली जुनी बस बघून नागपुरात किती जणांनी हे ऐकवलं, ते मोजणंच आम्ही सोडलं. आत झोपायची सोय, छोटा ओटा आणि संडास असं चालतं-फिरतं घर करायचं होतं. खेड्यात शिबिराला मुक्काम पडला की आडोसा शोधत फिरावं लागू नये, एवढंच डोक्यात होतं.

दिवाळीत आम्ही पंधराजणी होतो. मे महिन्यात पत्रा असा तापला की हात लावता येईना. उरलो तिघी. लोक म्हणाले, बायकांची जिद्द कमी पडली. मला नाही पटत. घरचं सगळं आवरून आलेल्या बाईनं महिनोन्‌महिने गंज घासायचा आणि पुरं झालेलं काहीच दिसायचं नाही, मग ती येणार कशाला? चूक आमची होती. आम्ही अख्खी बस एकदम उघडून बसलो होतो.

पुण्यात २०१६ साली उल्का सादळकर आणि राजीव खेर यांनी जुन्या बसगाड्यांची बायकांसाठी ‘ती’ स्वच्छतागृहं केली. ते वाचलं आणि ठरवलं, आधी संडासच पुरा करायचा. बाकीचा गंज राहू दे. (गाडीत बदल करायचे तर आरटीओत आधी विचारा. आम्ही उशिरा विचारलं, हेलपाटे वाढले.)

गेल्या महिन्यात दार बसलं, आतून कडी लागली. पाणी अजून बादलीनंच टाकतो. पण पुढच्या रविवारी सहाजणी आल्या. एकीनं पडद्यासाठी सासूचं जुनं नऊवारी आणलं होतं.