बैल धुवायला माणूस लावतात का?

नवी गाडी घेतली की आपण गोंयकार काय काय करतो ते आठवून पाहा. शोरूममधून गाडी थेट देवळात जाते. नारळ फुटतो, चाकांखाली लिंबं जातात, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक उमटतं, शेजारीपाजारी पेढे खातात. आणि पुढच्या आठवड्यापासून ती गाडी धुवायचं काम कुणाचं? सकाळी सायकलवरून येणाऱ्या पोराचं, सोसायटीच्या वॉचमनचं, नाहीतर नाक्यावरच्या वॉशिंग सेंटरचं. मालक गाडीला हात लावतो तो दार उघडण्यापुरता. माझं आजचं भांडण या सवयीशी आहे. त्यात मी स्वतःही आरोपी आहे, हे आधीच सांगून टाकतो.

या भांडणाला सुरुवात झाली मध्य प्रदेशात. नागपूरहून उत्तरेला निघालं की सरहद्दीपलीकडे पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके लागतात. संत्र्या-कपाशीचा मुलूख. राज्य हिंदी, पण घराघरांत मराठी. पूर्वी हे छिंदवाडा जिल्ह्यात होते, 2023 साली दोन्ही मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. वर्तमानपत्रं या गावाची आठवण काढतात ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात त्या गोटमारीसाठी. त्याच्या दोन दिवस आधी तिथे काय चालतं, ते कोणी छापत नाही.

मी एका मित्राकडे सौंसरजवळच्या खेड्यात होतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून निबर झालेला बैलाचा खांदा तूप-हळद लावून पळसाच्या पानांनी शेकतात. दुसऱ्या दिवशी बैल ओढ्यावर नेऊन घासून धुतात, शिंगं रंगवतात, मग झूल चढते. मित्राचे वडील सत्तरीचे. गुडघे दुखत असतानाही पाण्यात उभे राहून बैलाच्या खुरांच्या बेचक्यातला चिखल बोटानं काढत होते. मी शहाणपणानं म्हटलं, "काका, गडी आहे ना, त्याला सांगा की." ते हसले. म्हणाले, "बैल धुवाले मानूस लावते का कोनी, बाप्पा? खुरात काटा हाये का नाही, मले कसं समजन?"

त्या वेळी माझी जुनी गाडी गोव्यात घरासमोर उभी होती. सात वर्षं ती दुसऱ्याच्या हातानं धुतली जात होती आणि बाहेरून चकाचक दिसत होती. परतल्यावर मी पहिल्यांदा वाकून पाहिलं. दारांच्या खालच्या कडेला पाणी निथळण्यासाठी बारीक भोकं असतात. ती पानांनी आणि लाल मातीनं बुजली होती. आत साठलेल्या पाण्यानं दोन्ही मागची दारं गंजून पोखरली होती. धुणाऱ्या पोराचा यात काय दोष? महिन्याला हातावर टेकवलेल्या पैशांत तो एका फडक्यानं वीस गाड्या पुसतो. काटा शोधायचं काम माझं होतं.

आता नवी गाडी आली, तेव्हा पहिल्या दिवशीच डीलरनं सिरॅमिक कोटिंगचा कागद पुढे केला. रक्कम पाहून मी तो परत केला. नव्या गाडीला पॉलिशही लागत नाही, हे अनेकांना ठाऊक नसतं. पॉलिश म्हणजे बारीक घासणी. ती रंगावरच्या पारदर्शक थराचा अंश खरवडून चकाकी आणते. तो थर असतो साधारण 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहून बहुधा पातळच. ओरखडे नसताना तो झिजवणं म्हणजे नवं भांडं काथ्यानं घासण्यासारखं आहे. मेण मात्र वेगळं. ते वरून चढतं आणि पावसाचं पाणी, पक्ष्यांची विष्ठा, समुद्राचा खारा वारा रंगापासून दूर ठेवतं. त्यातलं नावाजलेलं कार्नोबा मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून काढतात. दोन-तीन महिन्यांनी हाताला बोटभर घेऊन पातळ लावायचं, सुकलं की मऊ कापडानं पुसायचं. एका सकाळचं काम.

धुण्याची रीतही सोपी आहे. गाडी सावलीत, इंजिन थंड. आधी साध्या पाण्यानं धूळ उतरवायची, कारण कोरडं फडकं फिरवलं की मातीच रंगावर घासली जाते. मग दोन बादल्या, एक शांपूची, एक फडकं खळबळायची. टपापासून खाली यायचं, चाकं शेवटी. कपड्यांचा साबण किंवा भांड्यांचं लिक्विड नको, ते चढवलेलं मेण उतरवतं. पाणी लागतं पंधरा लिटरच्या तीन-चार बादल्या. माझ्या घरच्या पाइपनं एक बादली मिनिटभरात भरते, मी मोजली आहे. म्हणजे वीस मिनिटं पाइप सोडणारा शेजारी तीनशे लिटर पाणी गटारात घालतो, आणि मे महिन्यात तोच टँकरवाल्याला फोन करतो. बंगळुरात मार्च 2024 मध्ये पिण्याच्या पाण्यानं गाड्या धुण्यावर बंदी घालून पाच हजारांचा दंड लावावा लागला. आपण त्या दिवसाची वाट पाहायची का?

कोणी म्हणेल, बैल हा जीव आहे, गाडी हे यंत्र. कबूल. पण बैलाचा खांदा दुखला तर तो मान काढून घेतो. गाडी तेवढंही सांगत नाही. टायरमधला खिळा, इंजिनखाली पडलेला तेलाचा थेंब, झिजलेला वायपर हे हात फिरवणाऱ्यालाच दिसतं. दुसरा आक्षेप रोजगाराचा. त्या पोराला काम जरूर द्या, पण चांगले पैसे द्या, दोन बादल्या द्या, आणि महिन्यातून एकदा त्याच्यासोबत स्वतः उकिडवे बसा.

खंडेनवमीला आपण गाडीला झेंडूचा हार घालतो. सौंसरचे काका हार घालण्याआधी खूर तपासतात. येत्या रविवारी पाइप गुंडाळून ठेवा, बादली भरा आणि दारांखालची ती भोकं एकदा काडीनं मोकळी करा.