रुपयात की फ्रँकमध्ये?

बाबा मे २०२५ मध्ये युरोप टूरवरून आले ते चॉकलेटं, एक लाल स्विस चाकू आणि प्लास्टिकची पिशवी भरून पावत्या घेऊन. वीज मंडळात अकाउंट्सला ३४ वर्षं काढलेला माणूस. पावती टाकून देणं हे त्यांच्या लेखी पाप. दोन दिवस झोपेचं खोबरं झाल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी जेवणाचं टेबल पुसलं, पावत्या तारखेप्रमाणे मांडल्या, एका बाजूला माझ्या क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट ठेवलं (अ‍ॅड-ऑन कार्ड मीच दिलं होतं), दुसऱ्या बाजूला टूरवाल्यांच्या ओळखीतल्या एजंटाकडून घेतलेल्या फॉरेक्स कार्डाचं. आणि तासाभराने मला हाक.

"अरे, जरा बघ हे. बेरीज जमत नाहीये. माझंच काहीतरी चुकतंय."

त्यांचं काहीही चुकत नव्हतं. बेरीज बरोबर होती, पैसेच जास्त गेले होते. सगळं मिळून साधारण ११ हजार. चोरी नाही, फ्रॉड नाही, सगळं कायदेशीर आणि सह्यांनिशी. आणि जाताना त्यांना एअरपोर्टवर "बाबा, कार्ड वापरा बिनधास्त, काही प्रॉब्लेम नाही" असं सांगणारा इंजिनियर मीच. त्यातून मी दोन वर्षं पेमेंट्सच्या प्रोजेक्टवर काम केलेलं! असो.

एकच पावती घेऊ. ल्युसर्नच्या एका दुकानात आईसाठी घड्याळ, २४० फ्रँक. त्या दिवशी फ्रँक साधारण १०२ रुपयांना होता, म्हणजे सरळ हिशेबाने २४,४८० रुपये. काउंटरवरच्या बाईने मशीन बाबांसमोर धरलं. स्क्रीनवर दोन आकडे: वर फ्रँक, खाली रुपये. बाबांनी रुपये दाबलं. का नाही दाबणार? आयुष्यभर ज्या चलनात पगार घेतला, पीएफ मोजला, त्यात आकडा दिसला की माणसाला हायसं वाटतं. मशीनने फ्रँक लावला १०८ ने. झाले २५,९२०. मग आमच्या बँकेने, रुपयात असला तरी दुकानदार परदेशातला ना, म्हणून १ टक्का फी आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेतला, म्हणजे आणखी ३०६. एकूण २६,२२६. घड्याळाच्या किमतीवर ७ टक्के, आणि ते कशाचे? तर भागाकार करून दाखवल्याचे!

आता गंमत बघा. बाबांनी फ्रँक दाबलं असतं तर माझं साधं, महागडं कार्डसुद्धा ३.५ टक्के मार्कअप आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के घेऊन २५,४९१ वर थांबलं असतं. बँक लुटते असं आपण म्हणतो, तिच्यापेक्षाही वरचढ लुटणारं बटण तिथे समोर ठेवलेलं असतं, आणि त्यावर आपल्या देशाच्या चलनाचं नाव असतं.

याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात, आणि ते 'ग्राहकाची सोय' म्हणून विकलं जातं. माझा राग आहे तो इथे. सोय कुणाची? त्या जास्तीच्या पैशात दुकानदाराचा वाटा असतो, त्याच्या बँकेचा असतो, मधल्या कन्व्हर्जन कंपनीचा असतो. ज्याची सोय, तो सोडून सगळ्यांना कमिशन. कार्ड नेटवर्कांचा नियम आहे की ग्राहकाला विचारलंच पाहिजे, त्यामुळे विचारतात, आणि पावतीवर बारीक अक्षरात छापतात की मला चलन निवडायची संधी दिली होती. बाबांनी त्या ओळीला पेनाने गोल केला होता. म्हणाले, "विचारलं होतं हे खरंय, पण रेट कितीने लावतोय हे तिने सांगितलं नाही." काकडीच्या भावात पन्नास पैसे धरून बसणारी आपली माणसं, इथे रेट विचारायचं कुणाच्या डोक्यात येणार?

एटीएमवर तर आणखी बेरकी भाषा. पैसे काढताना मशीन विचारतं, कन्व्हर्जन स्वीकारता की नाकारता? 'नाकारा' हे असं लिहिलेलं असतं की वाटावं व्यवहारच रद्द होईल आणि मागे रांगेत उभी असलेली माणसं हसतील. होत काही नाही. नाकारा दाबा, नोटा तशाच बाहेर येतात, फक्त रुपयाचा हिशेब तुमच्या बँकेकडे व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या त्या दिवसाच्या रेटने होतो, आणि तो रेट बाजारभावाच्या अगदी जवळ असतो. (तो रेट त्यांच्या साईटवर कुणालाही बघता येतो.) मी स्वतः स्क्रीन डिझाईनच्या मीटिंगांना बसलोय. कुठलं बटण हिरवं करायचं आणि कुठलं करडं, हे कुणीतरी चहा पीत ठरवतं. तेव्हा 'डिझाईन चुकलंय' असं म्हणू नका. अजिबात चुकलेलं नाही.

आता फॉरेक्स कार्ड. एजंटाने बाबांना सांगितलं, "काका, झिरो कमिशन! आणि रेट लॉक होतो, टेन्शन नाही." कमिशन खरंच शून्य. बाजारात युरो ९६ ला होता, त्याने ९९ ला दिला. १,५०० युरो घेतले, म्हणजे ४,५०० रुपये गेले ते तिथेच, विमानात बसायच्या आधी. ज्या दुकानावर झिरो कमिशनची पाटी आहे तिथे पाटीकडे बघायचंच नाही, रेटकडे बघायचं. पोट तिथे भरतं.

आणि रेट लॉकचं म्हणाल तर, ३ टक्के महाग रेट 'लॉक' करून मला काय मिळालं? माझा फायदा व्हायला दहा-बारा दिवसांच्या टूरमध्ये रुपया ३ टक्क्यांहून जास्त घसरायला हवा. क्वचित घसरतोही. पण मग सरळ म्हणा ना की हा विमा आहे आणि त्याचा हप्ता ३ टक्के आहे. विमा घ्यायचा की नाही ते मग मी ठरवीन.

पुढे आणखी एक. कार्डावर फक्त युरो होते आणि टूरचे चार दिवस स्वित्झर्लंडमध्ये. तिथे चालतो फ्रँक. टिटलिसवर ते शाहरुख-काजोलचे पुठ्ठ्याचे पुतळे आहेत, त्यांच्याशेजारी फोटो काढून खाली येऊन कॉफी घेतली की प्रत्येक स्वाइपला क्रॉस करन्सी म्हणून ३.५ टक्के. बाबांनी असे सहाएकशे युरो खर्च केले. एजंटाला टूरचा नकाशा तोंडपाठ, दर आठवड्याला माणसं पाठवतो. पण फ्रँक भरून देऊ का, हे त्याने विचारलं नाही. उरलेले १८० युरो परत घेताना मात्र लगेच हजर, रेट ९३. घेताना ९९, देताना ९३, तेच युरो, त्याच टेबलावर.

फॉरेक्स कार्ड टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. मुलगी परदेशात शिकायला आहे, महिन्याला ठरावीक रक्कम द्यायची आहे, तिथे ते ठीक. कार्ड हरवलं तरी घरचं खातं उघडं पडत नाही, हाही मुद्दा बरोबर. पण हॉटेलात किंवा भाड्याच्या गाडीला डिपॉझिट म्हणून रक्कम अडकवली की ते पैसे कित्येक दिवस गोठून बसतात, आणि ते तुमचे स्वतःचे पैसे असतात. क्रेडिट कार्डावर फक्त लिमिट अडकतं.

मग स्वस्त काय? आज भारतात अशी डेबिट आणि क्रेडिट कार्डं मिळतात ज्यांच्यावर परदेशी मार्कअप शून्य आहे. नावं घेत नाही, अटी दर सहा महिन्यांनी बदलतात, तुम्ही स्वतः वाचा. हॉटेलं-दुकानांना असं क्रेडिट कार्ड, रोख काढायला असं डेबिट कार्ड (क्रेडिट कार्डाने रोख काढू नका, फी वेगळी आणि व्याज पहिल्या दिवसापासून), दोन्ही वेगळ्या नेटवर्कची, आणि पोचल्या पोचल्या लागतील तेवढ्या थोड्या नोटा. त्या नोटाही शहरातल्या दोन-तीन दुकानांत भाव विचारून घ्या, एअरपोर्टवर नाही. विचारायचं एकच: "एक लाख रुपये देतो, सगळं कापून हातात किती युरो?" टक्के, कमिशन, जीएसटी काही ऐकायचं नाही, शेवटचा आकडा सांग म्हणायचं. काउंटरवरचा माणूस जरा घुटमळतो. घुटमळू दे.

मित्र म्हणतात, "आमच्या कार्डाला पॉइंट मिळतात रे!" ४.१३ टक्के देऊन १ टक्क्याचे पॉइंट मिळवणाऱ्याला मी काय सांगू. काही महागड्या कार्डांवर मार्कअप २ टक्के आणि पॉइंट त्याहून जास्त असतात, तिथे गणित जमतं, पण वार्षिक फी धरून कधी केलंय का? दुसरा म्हणतो, टीसीएसमुळे कार्ड नको. अरे, फॉरेक्स कार्ड आणि डेबिट कार्ड एलआरएसमध्ये मोजलं जातं हे खरं, पण १ एप्रिल २०२५ पासून तो टीसीएस वर्षाला १० लाखांच्या वर लागतो, आणि तो कर रिटर्नमध्ये वळता करून घेता येतो. परदेशात केलेला क्रेडिट कार्डाचा खर्च एलआरएसमध्ये आणायचं २०२३ मध्ये ठरलं होतं, ते जूनमध्येच पुढे ढकललं. ज्याची टूर दहा लाखांची आहे त्याने हे वाचायची गरजही नाही, त्याचा सीए वाचेल.

आणि सगळ्यात लाडका युक्तिवाद: "अरे, लाखो रुपये खर्च करून फिरायला जायचं आणि हजार-दोन हजाराचा विचार करायचा? एन्जॉय कर ना!" हे वाक्य आयटीतला पोरगा म्हणतो, ठीक आहे, त्याचा पगार पुढच्या महिन्यात परत येणार आहे. बाबांची ही टूर ग्रॅच्युइटीतून होती. आईने इंटरलाकेनला एक लोकरी शाल हातात घेतली, किंमत बघितली आणि परत ठेवली. ती ११ हजारांपेक्षा खूपच स्वस्त होती. हे मला आईने नाही, बाबांनी सांगितलं, पावत्या आवरताना. एवढंच बोलले आणि पिशवीला रबरबँड लावला.

डिसेंबरात दोघं सिंगापूरला जायचं म्हणताहेत, यावेळी टूरशिवाय. बाबांच्या नावाने शून्य मार्कअपचं कार्ड काल आलं. नवीन कार्डावर आंतरराष्ट्रीय वापर बंदच असतो, २०२० पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे, तो अ‍ॅपमधून चालू करावा लागतो. बाबांना ते स्वतः करायचंय, चष्मा सापडला की बसतो म्हणालेत.