न्हाणीघराचा उतार आणि स्कर्टिंगची रेषा

देवरूख परिसरातील जुनी घरे बहुधा जांभ्या चिऱ्याची. हा दगड सच्छिद्र असल्याने ओल चटकन शोषतो. पुढे दुकान, मागे घर आणि न्हाणीघराच्या भिंतीपलीकडे मालाची खोली, अशी रचना असेल तर फरशी व भिंत यांच्या सांध्यातून झिरपलेले पाणी आधी पोत्यांना गाठते. पाठोपाठ बुरशी येते, बारीक जीव होतात आणि ज्या घरात पाणीही गाळून घेतात तेथे औषध फवारण्याचा प्रसंग ओढवतो. म्हणून लादीची स्कर्टिंग ही केवळ शोभेची किनार समजू नये.

अशा न्हाणीघराची फरशी दोन कारणांनी वरखाली असते. मोरीकडे दिलेला उतार हा तिचा गुण होय. मध्येच पडलेला खळगा हा दोष. बादलीभर पाणी ओतून पाहिले की भेद कळतो. जेथे पाणी साचून राहते, ती जागा प्रथम दुरुस्त करावी. स्कर्टिंगने ती झाकली जाते, सुधारत नाही. याउलट पट्टी सरळ दिसावी म्हणून उतारच बुजविण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो नम्रपणे नाकारावा.

पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने चारही भिंतींवर समपातळीच्या खुणा करून तेथून खाली फरशीपर्यंत माप घ्यावे. जेथे माप सर्वाधिक, ती फरशीची सर्वांत खोल जागा. तेथून पट्टीची उंची अधिक 3 मिमी इतक्या अंतरावर सर्व भिंतींवर दोरी मारावी. अखंड पट्टी येथेच बसेल, अन्यत्र खालची कड कापावी लागेल. अनेकजण दाराशी, म्हणजे उंच जागी, अखंड पट्टी लावून प्रारंभ करतात. मग मोरीपाशी खाली फट उरते आणि ती सिमेंटने लिंपली जाते. गळतीचा उगम बहुधा तोच.

कापण्यासाठी पट्टी फरशीवर टेकवून पाणसळीने समपातळीत धरावी. दोरीच्या रेषेपेक्षा ती जितकी वर येईल, त्याहून 3 मिमी अधिक जाडीचा ठोकळा घ्यावा आणि त्यावर पेन्सिल धरून तो फरशीवरून सरकवावा. फरशीचा चढउतार पट्टीवर जसाच्या तसा उमटतो.

दोन मीटर लांबीत अडीच सेंटीमीटर उतार असल्यास 10 सेंमीची पट्टी दाराशी साडेसातचीच राहते व डोळ्यांना खटकते. 15 सेंमीच्या पट्टीत हा फरक फारसा जाणवत नाही. 60 सेंमीच्या चौरस लादीतून अशा जेमतेम चार पट्ट्या निघतात. दोन बाय दीड मीटरच्या न्हाणीघरास, 75 सेंमीचे दार वगळता, सव्वासहा मीटर म्हणजे अकरा पट्ट्या लागतात. तीन लाद्या पुरतात. चौथी मोडतोडीसाठी घ्यावी.

भिंतीवरील जुना, सुटलेला चुना खरवडून जलरोधक लेप फरशीवरून भिंतीवर चढवावा. चिकटद्रव्य पट्टीच्या संपूर्ण पाठीला लावावे. चार कोपऱ्यांत गोळे ठेवल्यास मागे पोकळी राहते. वाळल्यावर ठोकून पाहावे, पोकळ आवाज आल्यास पट्टी काढावी. खालच्या 3 मिमी फटीत सिमेंट नव्हे, सिलिकॉन भरावे, कारण फरशी आणि भिंत यांची हालचाल वेगवेगळी होते व सिमेंट तडकते. ते भरण्यापूर्वी फट पूर्ण कोरडी हवी. कोकणच्या पावसात तशी ती मिळणे कठीण, तेव्हा हे काम मे महिन्यातच उरकावे आणि नंतर निदान एक दिवस स्नानाची सोय शेजारी करावी.