निदान होईपर्यंत पोळी चालू राहू द्या

सिलिअ‍ॅक आजाराच्या शंकेने टीटीजीसाठी रक्त घेतले की आपले काम रिपोर्ट येईपर्यंत थांबते. घरच्यांचे थांबत नाही. ते मोबाइलवर वाचतात आणि त्याच संध्याकाळी गहू बंद करतात. मुलाचे पोट जरा बरे वाटू लागते, मग पोळी ताटात परत येतच नाही. एंडोस्कोपीचा दिवस उजाडेपर्यंत दोन-तीन महिने उलटतात, आतड्याचे अस्तर भरून येऊ लागते आणि बायोप्सीवरून धड हो म्हणता येत नाही, धड नाही म्हणता येत नाही. शेवटी त्याच मुलाला निदानासाठी कित्येक आठवडे पुन्हा गहू खाऊ घालावा लागतो. हा त्रास आपण टाळू शकतो. निदान पक्के होईपर्यंत पोळी चालू ठेवा, एवढे रक्त घेतानाच सांगा आणि चिठ्ठीवर लिहूनही द्या. काळजीत बुडालेल्या आईवडिलांना तोंडी सांगितलेले आठवत नाही.

महाराष्ट्रात आणखी एक प्रश्न विचारायला हवा: घरात गहू खाल्ला जातो का, आणि किती? भाकरीवर किंवा भातावर वाढलेल्या मुलाची टीटीजी निगेटिव्ह आली, तर तेवढ्यावर आजार नाही असे म्हणणे घाईचे ठरते. एकूण आयजीए न मोजता आलेल्या निगेटिव्ह रिपोर्टचेही तसेच. सिलिअ‍ॅकच्या सुमारे २ ते ३ टक्के रुग्णांत आयजीएच कमी असते. त्यांच्यात आयजीजीवर आधारित चाचणी लागते.

'पॉझिटिव्ह' या शब्दावर तर अजिबात थांबू नये. मर्यादा २० असताना २४ही पॉझिटिव्ह आणि २४०ही. लॅबनुसार एकके बदलतात, म्हणून आकडा मर्यादेच्या किती पट आहे ते पाहावे. मुलांमध्ये तो दहापट किंवा जास्त असेल आणि दुसऱ्या नमुन्यात ईएमए पॉझिटिव्ह आली, तर २०२० च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांशी बोलून बायोप्सी टाळता येते. उलट, टाइप १ मधुमेहाच्या मुलात किंचित वाढलेली टीटीजी गहू चालू असतानाही आपोआप उतरू शकते. अशा मुलाला घाईने जन्मभराचे पथ्य लावणे मला अन्यायाचे वाटते. एचएलए चाचणी सरसकट लिहू नये. ती निगेटिव्ह आली तर आजार जवळजवळ नाकारता येतो, पण पॉझिटिव्ह निरोगी माणसांतही भरपूर सापडते.

आजकाल लाल अक्षरांतला आकडा आपल्याआधी घरच्यांच्या फोनवर पोहोचतो. म्हणून भेटीची तारीख रक्त घेतानाच ठरवावी.

पथ्य सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी केलेली टीटीजी बहुधा उतरलेली असते, पण नॉर्मल व्हायला वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागू शकतो. हे आधी सांगितले नसेल तर 'अजून पॉझिटिव्ह' वाचून घर खचते. आकडा उतरतच नसेल, तर त्यांना रागावण्याआधी दोन गोष्टी विचारा: ज्वारी गव्हाच्याच गिरणीत दळून येते का, आणि फोडणीच्या हिंगाच्या डबीवर घटकांत गव्हाचे पीठ लिहिले आहे का.