जीपच्या जत्रेत कुत्र्याचं काय?

अमेरिकेच्या युटा राज्यातलं मोअब हे जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव. ईस्टरच्या आधीचा आठवडा आला की ते जीपगाड्यांनी भरून वाहतं. १९६७ साली तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्सने एका दिवसाची सहल म्हणून सुरू केलेली ‘ईस्टर जीप सफारी’ आता नऊ दिवस चालते. रेड रॉक फोर-व्हीलर्स हा स्थानिक क्लब ती भरवतो. ज्या वाटांवर या गाड्या चढतात त्यांतल्या कित्येक वाटा १९५०च्या दशकात युरेनियमच्या शोधात आलेल्यांनी पाडल्या. १९५२ मध्ये चार्ली स्टीनला मोअबजवळ युरेनियमचा मोठा साठा लागला आणि सगळं वाळवंट जीपच्या चाकोऱ्यांनी उकरलं गेलं. खाणी थंडावल्या, पण वाटा राहिल्या आणि पुढे त्यांवर हौशी लोक फिरू लागले.

या हौशी लोकांसोबत त्यांचे कुत्रेही येतात. तंबूच्या दाराशी बांधलेले, मागच्या सीटवरून मान बाहेर काढून बसलेले. दृश्य मोहक असतं आणि त्यामागचं प्रेमही खरं असतं. तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हा उत्सव यंत्रांचा आहे; तिथला दिवस गाड्यांच्या सोयीने आखलेला असतो. कुत्रा न्यायचा असेल तर त्यातला निम्मा दिवस त्याच्या नावे सोडायची तयारी हवी. ती नसेल तर त्याला घरी किंवा ओळखीच्या माणसाकडे ठेवणं जास्त मायेचं.

सुरुवात पायांखालच्या दगडापासून करू. मोअबचे ते प्रसिद्ध गुळगुळीत दिसणारे खडक म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्या, घट्ट होऊन दगड झालेल्या. टायरला त्यांच्यावर विलक्षण पकड मिळते, म्हणूनच ‘हेल्स रिव्हेंज’सारख्या वाटेवर गाड्या छातीवर येणारे चढ चढतात. हीच पकड कुत्र्याच्या पंजाला मात्र पॉलिशपेपरसारखी घासते. गाडीमागे दोन-तीन तास आनंदाने धावलेला कुत्रा संध्याकाळी पाय टेकायला तयार होत नाही, तेव्हा पंजाच्या गाद्या सोलून निघालेल्या असतात. गावालगतच्या वाटांवर सराटेही भरपूर. आपल्याकडे माळरानावर टोचतो तोच काटा तिथे सायकलींची चाकं पंक्चर करतो आणि कुत्र्यांच्या बोटांत रुततो. पायमोजे मिळतात, पण ते घरी आठवडाभर घालून सवय करावी लागते. उत्सवाच्या सकाळी पहिल्यांदा चढवले तर कुत्रा ते दातांनी ओढून काढतो.

मग उन्हाचा प्रश्न. एप्रिलमधल्या मोअबची दुपार सुखद असते, बावीस-तेवीस अंशांच्या आसपास, आणि तीच फसवी. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २००५ साली उन्हात उभ्या केलेल्या गाडीतलं तापमान मोजलं होतं. बाहेर २२ अंश असलं तरी तासाभरात आत साधारण २२ अंशांची भर पडते आणि त्यातली बहुतेक पहिल्या अर्ध्या तासातच. काच दोन बोटं खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. माणूस अंगभर घामाने थंड होतो. कुत्र्याची मुख्य मदार धापा टाकण्यावर. ‘स्टॉलवर एक चक्कर मारून येतो, तोवर बस हं’ हे वाक्य म्हणून धोक्याचं आहे. पाण्याचंही तसंच. मोअबजवळच्या सँड फ्लॅट्सच्या तंबूतळावर पाण्याचा नळ नाही, सगळं पाणी सोबत न्यावं लागतं. कुत्र्याला एरवीच दिवसाला किलोमागे पन्नास-साठ मिलिलिटर लागतं. तीस किलोच्या लॅब्रॅडॉरला म्हणजे दीड-पावणेदोन लिटर, आणि कोरड्या हवेत त्याहून जास्त.

गाडीत बसवून नेणं सोपं वाटतं, पण तेही तसं नाही. लो-रेंज गिअरमध्ये खडकावर चढणारी गाडी हळू चालते, मात्र डावी-उजवीकडे जोरात कलते. मोकळा कुत्रा दारावर आदळतो, नाहीतर ड्रायव्हरच्या मांडीवर येतो. बांधायचे पट्टे बाजारात खूप आहेत. अमेरिकेतल्या सेंटर फॉर पेट सेफ्टी या संस्थेने २०१३ मध्ये अशा पट्ट्यांच्या धडक-चाचण्या घेतल्या, तेव्हा बहुतेक पट्टे कुत्र्याला सांभाळायला अपुरे ठरले. चाचणीत उतरलेला पट्टा किंवा गाडीला घट्ट बांधलेला पिंजरा, याखेरीज तिसरा पर्याय धरू नये. एखादी गाडी अडकली की ती ओढून काढायला विंचचा दोर ताणला जातो. अशा वेळी अनुभवी लोक माणसांना लांब उभं करतात. तुटलेला दोर चाबकासारखा फिरतो आणि कुत्र्याला ‘मागे हो’ म्हणून समजत नाही. त्याची दोरी तेव्हा कुणातरी एकाच्या हातात हवी, आणि त्या माणसाकडे दुसरं कुठलंही काम नको.

आवाजाबद्दल कुणी फारसं बोलत नाही. माणसाच्या कानाची मजल वीस हजार हर्ट्झपर्यंत, कुत्र्याची पंचेचाळीस हजारांच्या घरात. छोट्या साइड-बाय-साइड गाड्यांच्या आवाजाला मोअबचे रहिवासीच इतके त्रासले की २०२१ मध्ये तिथल्या शहराने आणि काउंटीने आवाजावर मर्यादा घालणारे नियम केले. माणसांसाठी नियम करावे लागले, तर तंबूला बांधलेल्या मुक्या जिवाचं काय होत असेल? शेपूट पायांत घालून गाडीखाली शिरणारा, जांभयांवर जांभया देणारा, खाणं सोडणारा कुत्रा ‘शहाणा झाला’ असं समजायचं कारण नाही. तो घाबरलेला असतो.

मोअबच्या दोन्ही बाजूंची राष्ट्रीय उद्यानं कुत्र्यांबाबत कडक आहेत. आर्चेसमध्ये त्यांना पायवाटांवर बंदी. कॅन्यनलँड्समध्ये तर खडकाळ जीपवाटांवर गाडीत बसलेला कुत्राही चालत नाही. यावरून पर्यटक चिडतात, पण हा नियम बरोबर आहे. त्या दऱ्यांत वाळवंटी मेंढे राहतात, आणि कुत्र्याचा वास म्हणजे त्यांच्या लेखी शिकारी. जमिनीवर शेवाळ, दगडफूल आणि सूक्ष्मजीवांची एक काळपट खपली असते, जी वाळवंटाची माती धरून ठेवते. एका पावलाने मोडलेली खपली भरून यायला वर्षं, कधी दशकं लागतात. मोकळा कुत्रा असतो तेव्हा अशी पावलं शेकड्यांनी पडतात. कुत्र्याला फिरवायला गावाजवळच ग्रँडस्टाफ कॅन्यनची वाट आहे, जिथे झऱ्याच्या कडेने कुत्र्याला दोरीने बांधून नेता येतं. सकाळचे दोन तास तिथे आणि ऊन चढायच्या आत परत, ही त्याची खरी सुट्टी. दुपारी जीपवाट करायचीच असेल तर गावात कुत्र्यांना दिवसभर सांभाळणारी केंद्रं आहेत.

आपल्याकडेही हे वारं आलं आहे. गोव्यात २०१४ मध्ये भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा सुरू झाली, इगतपुरीला ऑफ-रोडिंग शिकवलं जातं आणि पवना धरणाकाठी शनिवार-रविवारी तंबूंसोबत कुत्रेही दिसतात. आपली संकटं वेगळी आहेत. चिखलाच्या डबक्यातून लेप्टोस्पायरोसिस येतो. त्याची लस वेळेवर हवी. पावसाळी गवतातून आलेल्या गोचिडी कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात शोधाव्या लागतात. आणि बिबट्या. अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के. सह्याद्रीच्या पायथ्याशी तंबूबाहेर रात्रभर कुत्रा बांधून ठेवणं म्हणजे काय, हे त्या आकड्यावरून समजून घ्यावं. रात्री त्याने माणसांसोबत तंबूत किंवा बंद खोलीतच झोपायला हवं.

असे मेळावे भरवणाऱ्यांकडे एक मागणी करता येईल. नावनोंदणीच्या अर्जात कुत्र्याचा रकाना ठेवावा: लसीकरणाची तारीख, दोरी धरणाऱ्याचं नाव, मुक्कामाची जागा. गाड्यांच्या वाटेपासून लांब, सावलीचा आणि पाण्याचा एक कोपरा राखावा. सर्वांत जवळच्या पशुवैद्यकाचा फोन नंबर आणि त्याच्यापर्यंतचा रस्ता माहितीपत्रकात छापावा. टो-ट्रकचा नंबर छापायची तसदी आयोजक घेतातच, त्याच पानावर हीही ओळ मावेल. आणि ज्या वाटेवर कुत्रा नेणं धोक्याचं आहे तिथे तसं आधीच लिहावं, म्हणजे पुणे-मुंबईहून चार तास गाडी हाकत आलेल्या कुटुंबाला फाटकाशी ते कळायला नको.