कॅचरला ‘अ‍ॅडजस्ट’ करू नका!

मंडळी, बेसबॉलमधलं एक वाक्य ऐकलं की माझं टाळकं सटकतं. "दोन्ही पोरं चांगली आहेत ना? मग एकाला फर्स्ट बेसवर टाका!"

ही दोन पोरं म्हणजे एकाच संघातले दोन तरुण कॅचर, दोघंही बॅटिंग येणारे. कॅचर हा आपल्या विकेटकीपरचा चुलतभाऊ, पण हा बिचारा एका मॅचमध्ये दीडशेच्या आसपास बॉल उकिडवा बसून झेलतो. एवढं करून बॅटही चालवणारे थोडेच, म्हणून त्यांना भाव. फर्स्ट बेसवर मात्र जवळपास प्रत्येक संघाचा दांडगा हिटर उभा असतो. पोराला तिकडे नेलं की तो चारचौघांतला एक. बॅटिंग तीच, किंमत मात्र धाडकन खाली!

"पण गुडघे जातील ना त्याचे!" अगदी मान्य. मग ह्यूस्टन ॲस्ट्रोजसारखं करा. क्रेग बिजिओ १९९१ मध्ये कॅचर म्हणून ऑल-स्टार झाला होता. १९९२ मध्ये त्याला सेकंड बेसवर नेलं. जागा अवघड, पण त्याच्या पायात वेग होता. कारकिर्दीत ३०६० हिट्स झाल्या आणि २०१५ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. हलवायचं तर असं, पोराचे गुण बघून. रिकामी खुर्ची बघून नव्हे.

२०११ मध्ये एका धडकेत बस्टर पोझीचा पाय मोडला, तेव्हाही "हलवा त्याला" असा गलका झाला. जायंट्सनी त्याला कॅचरच ठेवलं. २०१२ मध्ये तो एमव्हीपी झाला आणि संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली.

डोक्याला मार लागला तर मात्र वाद नको. २०१३ च्या दुखापतीनंतर मिनेसोटाने जो मावरला फर्स्ट बेसवर नेलं ते बरोबरच होतं. पण कॅचर म्हणून तीनदा बॅटिंगमध्ये अव्वल आलेल्या या माणसाचे २०१४ मध्ये होम रन किती? फक्त ४. हलवण्याची किंमत ही अशी असते.

मग जास्तीच्या कॅचरचं करायचं काय? सरळ दुसऱ्या संघाला द्या! २०२२ मध्ये टोरांटोकडे कर्क, जॅन्सन आणि मोरेनो असे तिघे होते. त्यांनी मोरेनो आणि गुरिएल ॲरिझोनाला देऊन डॉल्टन व्हार्शोला आणलं. गंमत म्हणजे व्हार्शो स्वतः कॅचर म्हणून वाढलेला, पण पळणारा, म्हणून आउटफिल्डमध्ये रुळलेला. मोरेनोने २०२३ मध्ये गोल्ड ग्लोव्ह मिळवला, ॲरिझोना त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज खेळली. व्हार्शोला २०२४ मध्ये गोल्ड ग्लोव्ह मिळाला, टोरांटो २०२५ मध्ये वर्ल्ड सिरीजपर्यंत गेलं. कुणाचं नुकसान झालं, सांगा बरं?

आमच्या आयटीत बेंच रिकामा दिसावा म्हणून माणसाला मिळेल त्या प्रोजेक्टवर ढकलतात आणि त्याला ‘युटिलायझेशन’ म्हणतात. तिथे निदान पुढच्या वर्षी कंपनी बदलता येते. विशीतल्या कॅचरची पहिली काही वर्षं संघाच्याच ताब्यात असतात, आणि गुडघे तर दोनच. तेव्हा काय ते लवकर ठरवा, नाहीतर जाऊ द्या त्याला!